तो घरी आला, पण गाणं अजून विरहाचंच ऐकतो

पत्र:

"आमच्या लग्नाला आठ वर्षं झाली. मधली तीन वर्षं नवरा कामानिमित्त दूर होता आणि मुलीला घेऊन मी घरी. त्या काळात आमचं एक गाणं ठरून गेलं होतं. विरहाचं, जुनं, दोघांनाही आधीपासून आवडणारं. रात्री फोनवर बोलणं संपलं की आम्ही दोघं एकाच वेळी ते लावायचो. कधी त्याच्याकडे ओळ आधी वाजायची, कधी माझ्याकडे, आणि त्यावरून हसायचो. गेल्या वर्षी तो कायमचा परत आला. मला वाटलं, आता त्या गाण्याची गरज संपली. पण तो अजूनही रोज रात्री हेडफोन लावून तेच ऐकतो. डोळे मिटून, एकटा. मी शेजारच्या खोलीत असते. एकदा विचारलं, 'आता कोणासाठी ऐकतोस?' तर म्हणाला, 'सवय झालीय.' पुढे काही नाही. फोनवर तासभर बोलणारा माणूस आता दिवसभरात कामापुरतं बोलतो. मला तर ते गाणं ऐकवतही नाही, छातीत दाटून येतं. तुम्ही हसाल कदाचित, पण मला त्या गाण्यातल्या बाईचा मत्सर वाटतो, आणि ती बाई मीच आहे. त्याचं प्रेम माझ्यावर आहे की माझ्या नसण्यावर? त्याला ते गाणं बंद करायला सांगू का?"

प्रिय मैत्रिणी,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. गाणं बंद करायला सांगू नका. तुम्ही सांगितलंत तर तो बंद करेलही, पण मग ते तो तुमच्या माघारी ऐकेल, आणि आज जी गोष्ट निदान तुमच्या डोळ्यांसमोर आहे ती लपवायची गोष्ट होऊन बसेल. शिवाय तुमच्या घरात त्या तीन वर्षांची उघडपणे वावरणारी ही एवढी एकच खूण उरली आहे, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. तिचा उपयोग होणार आहे. कसा, ते पुढे सांगते.

तुमच्या मत्सराला मी हसले नाही. उलट पत्रातलं ते सगळ्यात नेमकं वाक्य आहे. गाण्यातली बाई थकत नाही, तिला उत्तर द्यावं लागत नाही, मुलगी आजारी पडली म्हणून ती चिडचिड करत नाही. तिची नुसती आठवण काढायची असते. तुम्ही मात्र रोज समोर असता, आणि समोर असलेल्या माणसाशी बोलावं लागतं. तुमचं दुखणं तिथे आहे, हे तुम्हाला कळलेलं आहे. फक्त त्यावरून तुम्ही जो निष्कर्ष काढताय, की त्याचं प्रेम तुमच्या नसण्यावर आहे, तो मला घाईचा वाटतो.

गाण्याचं नाव तुम्ही कळवलंय, पण ते मी इथे छापत नाही. ज्यांना ते पाठ आहे ते त्याच्या अर्थावरच वाद घालत बसतील. आणि इथे त्या गाण्याचा अर्थ फारसा महत्त्वाचा नाही. तुम्ही दोघांनी त्यात काय साठवलंय, ते महत्त्वाचं आहे.

विरहाच्या गाण्यांची घडण पाहा. त्यात एक 'मी' असतो आणि एक 'तू'. नावं नसतात, पत्ता नसतो, का दूर जावं लागलं याचं कारणही बहुधा नसतं. रात्र असते, वाट असते, आठवण असते. एवढी मोकळी जागा ठेवलेली असल्यामुळे कोणीही आपला माणूस त्या 'तू'मध्ये बसवू शकतो. आणि हा 'तू' पूर्ण गाण्यात एकदाही बोलत नाही. प्रत्येक कडवं थोडं पुढे जातं आणि पुन्हा मुखड्यावर येतं, म्हणजे पुन्हा त्याच हाकेवर. हाकेला उत्तर मिळालं तर गाणं तिथेच संपेल. म्हणून विरहाचं गाणं उत्तर येऊ देत नाही. दूर असताना तुम्हा दोघांना ते इतकं आपलं वाटलं, कारण तेव्हा उत्तर आधीच मिळालेलं असायचं, फोनवर. बोलून झाल्यावर तुम्ही गाणं लावत होतात. गाणं संवादाच्या मागून यायचं. आता संवाद गेला आहे आणि गाणं एकटंच उरलं आहे. तुमच्या पत्रातली खरी तक्रार मला ही दिसते. तो गाणं ऐकतो याचा त्रास आहेच, पण बोलणं न होता नुसतं गाणं ऐकतो याचा त्रास जास्त आहे.

आता त्याच्या बाजूचं थोडं. दुःखी गाणं ऐकणारा माणूस दुःखी असेलच असं नाही. लिला तारुफ्फी आणि श्टेफान क्योल्श या दोन संशोधकांनी 2014 मध्ये जगभरच्या सातशेहून अधिक लोकांना विचारलं होतं, की दुःखी संगीत ऐकताना तुम्हाला काय वाटतं. सगळ्यात जास्त लोकांनी सांगितलेली भावना होती गतकाळाची ओढ. उदासी तिच्या मागे होती. मिशिगन विद्यापीठातल्या एका गटाने 2018 मध्ये अशा लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, जे एकच आवडतं गाणं पुन्हा पुन्हा ऐकतात. त्यात असं दिसलं, की ज्यांचं आवडतं गाणं आनंदी होतं त्यांच्यापेक्षा ज्यांचं गाणं गोड-कडू होतं ते आपलं गाणं कितीतरी जास्त वेळा ऐकत होते, आणि त्या गाण्याशी आपलं नातं खोल आहे असं सांगत होते. म्हणजे तुमचा नवरा डोळे मिटून जे करतो ते फारसं विचित्र नाही. तीन वर्षं रोज दिवसाच्या शेवटी, झोपण्याआधी, तुमचा आवाज ऐकल्यावर लगेच जे गाणं वाजलं, त्याच्याशी त्याच्या शरीराने विसावा जोडून ठेवला असेल. 'सवय झालीय' हे त्याचं उत्तर तुम्हाला तुटक वाटलं, वाटणारच. पण ते खोटं असेलच असं नाही.

गाणं आठवणीला इतकं घट्ट का चिकटतं, यावर पेत्र यानाता या संशोधकाचं 2009 चं काम आहे. माणसांना त्यांच्या लहानपणीची, किशोरवयातली गाणी ऐकवून त्याने मेंदूचं चित्रण केलं. कपाळामागचा जो भाग स्वतःविषयीच्या विचारांत गुंतलेला असतो, तोच भाग ओळखीचं, आठवण जागवणारं गाणं लागलं की जास्त कामाला लागत होता. गाणं ऐकताना माणूस 'तेव्हाचा मी' होतो. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण तुमच्या घरातल्या गाठीची दोरी इथे आहे.

तुमच्या नवऱ्याचा 'तेव्हाचा मी' कोण होता? दिवसभर परक्या ठिकाणी एकटा असणारा आणि रात्री एका आवाजाची वाट पाहणारा माणूस. त्या गाण्याने त्याला धीर दिला. आणि तुमची 'तेव्हाची मी' कोण होती? पत्रात तुम्ही ते अर्ध्या वाक्यात उरकलंय: 'मुलीला घेऊन मी घरी'. मी त्या अर्ध्या वाक्यात काय काय मावलं असेल याचा विचार करत होते. मुलीची आजारपणं, शाळा, बिलं, बिघडलेल्या वस्तू, रात्री दार दोनदा तपासणं, आणि फोनवर त्याला यातलं अर्धंच सांगणं, कारण तो तिकडे काळजी करत बसेल. तुम्ही हे लिहिलेलं नाही, मी अंदाजाने लिहितेय. पण तीन वर्षं एकटीने घर चालवलेल्या बाईला तेच गाणं ऐकताना छातीत दाटून येत असेल तर त्याचं कारण मत्सर एवढंच नाही. त्याला ते गाणं विसाव्याचं वाटतं. तुम्हाला ते ओझं आठवून देतं. एकच गाणं, एकाच वेळी लावलेलं, आणि दोघांनी त्यात आपापली वेगळी वर्षं भरली. तेव्हा ओळ मागे-पुढे वाजायची याचं हसू यायचं. तुम्ही दोघं तेव्हाही वेगवेगळं गाणं ऐकत होतात, हे मात्र कोणाच्याच लक्षात आलं नाही.

आपल्याकडे जुन्या काव्यशास्त्रात शृंगाराचे दोन भाग मानले आहेत: मिलनाचा, त्याला संभोग म्हणतात, आणि विरहाचा, त्याला विप्रलंभ. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाने 'साहित्यदर्पण' या ग्रंथात विप्रलंभाचे चार प्रकार दिले आहेत. पूर्वराग म्हणजे भेटीआधीची ओढ. प्रवास म्हणजे दोघं दोन ठिकाणी असणं, आणि त्याची कारणंही तो तीन सांगतो: काम, शाप किंवा अचानक उडालेला गोंधळ. करुण म्हणजे मृत्यूने पाडलेली ताटातूट, पण पुन्हा भेटीची आशा शिल्लक असलेली. आणि मान, म्हणजे रुसवा. या यादीत मला नेहमी थांबवतं ते हे, की रुसवा विरहात धरला आहे. दोघं एका छताखाली आहेत, हात लांबवला तर लागेल इतकी जवळ आहेत, आणि तरीही शास्त्र म्हणतं, हा विरहच. ज्यांनी ही वर्गवारी केली त्यांनी माणसं नीट पाहिलेली होती.

तुमच्या घरात काय झालं, ते या चौकटीत ठेवून पाहा. तीन वर्षं तुमचा विरह प्रवासाचा होता, कामामुळे आलेला. त्याचं दुःख स्वच्छ होतं: अंतर बाहेर होतं, दोष कोणाचा नव्हता, दोघं एकाच बाजूला उभे होतात. तो परत आला आणि प्रवास संपला. पण विरह संपला नाही, त्याने जात बदलली. तो आता मानाचा झालाय. आणि गाणं मात्र अजून प्रवासाच्या विरहाचंच वाजतंय. म्हणून ते तुम्हाला खोटं वाटतं, बोचतं. तो ज्या दुराव्याचं गाणं ऐकतोय तो आता अस्तित्वात नाही, आणि जो दुरावा आहे त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही.

मानाचेही शास्त्रकारांनी दोन प्रकार केलेत. एक प्रणयातून येणारा, कारण नसतानाचा. दुसरा ईर्ष्येतून येणारा, म्हणजे दुसऱ्या बाईमुळे. तुमचा रुसवा दुसऱ्या प्रकारातला आहे, फक्त ती दुसरी बाई म्हणजे दूर असलेल्या तुम्हीच. अशी नायिका त्यांच्या यादीत असेल असं वाटत नाही, पण आजच्या घरांमध्ये ती बरीच आढळते. मला येणाऱ्या पत्रांत कामासाठी दूर राहिलेली जोडपी असतात, आणि परतल्यावरच्या पहिल्या वर्षाबद्दल ती जितकी गोंधळून लिहितात तितकी दूर असतानाच्या काळाबद्दल लिहीत नाहीत.

याचं कारणही समजण्यासारखं आहे. दूर असताना माणूस निवडलेला तास देतो. त्या तासापुरतं आपण चांगले असतो, नीट ऐकतो, मनातलं सांगतो. क्रिस्टल जियांग आणि जेफ्री हँकॉक यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसलं: दूर राहणाऱ्या जोडप्यांमध्ये रोजच्या गाठीभेटी कमी असूनही प्रत्येक संवादात जवळीक जास्त वाटत होती. ती माणसं एकमेकांपाशी जास्त उघड होत होती, आणि जोडीदाराला थोडं अधिक चांगलं करून पाहत होती. लॉरा स्टॅफर्ड आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये दूर राहून पुन्हा एका ठिकाणी आलेल्या विद्यार्थी जोडप्यांचा अभ्यास केला. त्यांतली साधारण एक तृतीयांश नाती एकत्र आल्यावर तीन महिन्यांच्या आत तुटली. हा आकडा घाबरवण्यासाठी देत नाही. ती तरुण, बिनलग्नाची जोडपी होती, तुमचं तसं नाही, आणि तुम्ही तीन महिने केव्हाच ओलांडलेत. मला त्यातलं दुसरं काहीतरी महत्त्वाचं वाटतं. एकत्र आल्यावर कशाची उणीव भासते असं विचारल्यावर त्या लोकांनी जे सांगितलं, त्यात स्वतःचा मोकळा वेळ होता, स्वतःच्या मर्जीने दिवस घालवणं होतं, भेटीची वाट पाहण्यातली हुरहूर होती. म्हणजे जवळ आल्याचा आनंद खरा आणि काहीतरी गमावल्याचं दुःखही खरं. तुमच्या नवऱ्याने तीन वर्षं एकट्याने राहून एकटेपणाची एक घडी बसवलेली असणार. घरी आल्यावर ती घडी मोडली, आणि हे तक्रार म्हणून बोलायची त्याला चोरी. 'परत आलो, तरी एकटं बसावंसं वाटतं' हे बायकोला कसं सांगायचं? त्यापेक्षा हेडफोन सोपे. तिथे त्याला तुम्हीही मिळता आणि एकांतही.

घडी तुमचीही मोडली आहे, हेही विसरू नका. घरातला प्रत्येक निर्णय तीन वर्षं तुम्ही घेत होतात.

आता करायचं काय. 'कोणासाठी ऐकतोस' हा प्रश्न पुन्हा विचारू नका. तो ऐकणाऱ्याला आरोपासारखा लागतो, आणि आरोपाला माणूस एका शब्दात उत्तर देतो. त्याऐवजी त्याला असं काही विचारा, ज्याचं उत्तर एखादं दृश्य असेल: हे गाणं लागलं की तुला कुठली खोली आठवते? तिथे काय होतं? खिडकी कुठे होती? तू कुठे बसून ऐकायचास? तीन वर्षं तुम्ही त्याचा आवाज ऐकला, पण तो कुठल्या भिंतीकडे पाहून बोलत होता हे बहुधा तुम्हाला माहीत नाही. तिथून सुरुवात केलीत तर तो बोलेल असं मला वाटतं. भावना विचारल्या की गप्प बसणारी पुष्कळ माणसं जागा विचारल्या की बोलू लागतात.

आणि मग तुमची पाळी घ्या. हे जास्त कठीण आहे. त्याला सांगा की तुम्हाला ते गाणं आता ऐकवत नाही, आणि का ते सांगा. फोनवर सांगायच्या राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी निवडा. सगळी तीन वर्षं एका रात्री त्याच्यासमोर ओतू नका, ते त्याला हिशेब मागितल्यासारखं होईल. एखादी ठरावीक रात्र सांगा. 'त्या रात्री तू गाणं लावलंस, मीही लावलं, पण मी ऐकत नव्हते, कारण मुलीला ताप होता आणि मी तुला सांगितलं नव्हतं.' अशी रात्र असेलच असं मी धरून चाललेय. नसेल तर जी असेल ती. 'तुझ्यामुळे मला सोसावं लागलं' असं न म्हणता 'हे तुला माहीत नाही, माहीत असावं असं मला वाटतं' एवढ्यावर ठेवा. तुमच्या मत्सराचंही सांगा, जसं मला लिहिलंत तसंच, त्याच शब्दांत. त्या वाक्यात त्याच्यावर दोष नाही, म्हणून ते त्याला ऐकता येईल.

एक गोष्ट मात्र करू नका. त्याला उत्तर म्हणून दुसरं गाणं पाठवू नका. हल्ली अनेक जोडपी हे करतात: मनातलं बोलायचं नसलं की अर्थपूर्ण ओळीचं एखादं गाणं मेसेजमध्ये टाकायचं आणि समोरच्याला कळेल अशी आशा धरायची. पाठवणाऱ्याच्या मनात एक ओळ असते, ऐकणाऱ्याचं लक्ष दुसऱ्याच ओळीवर जातं, आणि दोघांनाही वाटतं आपण बोललो. तुम्हा दोघांच्या बाबतीत तर गाण्याने आधीच बरंच बोलून झालंय. आता गद्यात बोलायची वेळ आहे.

रुसवा काढण्याचे सहा उपाय जुन्या ग्रंथांत दिले आहेत: गोड बोलून समजूत, रुसलेल्या बाईच्या सख्यांना आपल्या बाजूला वळवणं, काही भेट देणं, पाया पडणं, हे काही चाललं नाही तर दुर्लक्ष करणं, आणि शेवटचा रसांतर, म्हणजे अचानक दुसराच भाव जागा होऊन रुसवा विसरला जाणं. तुमच्या घरात सध्या पाचवा उपाय चालू आहे, दोन्ही बाजूंनी, आणि तो चालत नाही हे तुम्ही पाहताच आहात. पहिल्याबद्दल वर लिहिलं. शेवटचा मला तुमच्यासाठी महत्त्वाचा वाटतो. परत आल्यापासून तुम्ही दोघांनी मिळून पहिल्यांदाच केली अशी एखादी गोष्ट आहे का? पत्रात तरी नाही. गाणंही तेच, जुनं. या एका वर्षाला स्वतःचं असं काहीच मिळालेलं नाही, मग त्याला आठवण कशाची चिकटणार? दोघांनाही आधी न येणारं काहीतरी एकत्र शिका, नवं संगीत ऐका, तिघं मिळून काही करा ज्यात मुलीचा आवाज मोठा असेल. मी हे मन रमवण्यासाठी म्हणत नाही. बोलणं अवघड जातं तेव्हा शेजारी बसून हातांना काम असलं की ते पुष्कळदा सोपं होतं, म्हणून म्हणतेय.

आणि त्याचा रात्रीचा तो वेळ त्याला द्या, पण ठरवून द्या. 'तू अर्धा तास एकटा बस, मला चालेल, आणि नंतर अर्धा तास आपण दोघं, फोन बाजूला ठेवून.' तुमच्यासाठीही तसाच वेळ मागा, मुलीची जबाबदारी तेवढा वेळ त्याच्याकडे देऊन. न सांगता घेतलेला एकांत जोडीदाराला टाळल्यासारखा बोचतो. सांगून घेतला, तर तोच सहन होतो, कधीकधी बराही वाटतो. दूर असताना तुम्ही दोघं वेळ ठरवून भेटत होतात. घरी आल्यावर भेट आपोआप होईल असं दोघांनी गृहीत धरलं, आणि म्हणूनच ती होत नाही.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी मनात येऊन गेलं असेल म्हणून लिहिते. यामागे दुसरं कोणी असेल का? तुम्ही लिहिलेल्या गोष्टींत मला तसं काही दिसत नाही. जो माणूस शेजारच्या खोलीत बायको असताना त्या दोघांचंच गाणं ऐकतो, तो तुमच्यापासून दूर पळतोय असं मला वाटत नाही. तो जवळ येण्याची जुनी, सवयीची वाट धरून बसलाय. त्याचा फोन तपासायला जाऊ नका. पण सगळी शक्यता गाण्याच्या खात्यावरही टाकू नका. तो मुलीशीही बोलेनासा झाला असेल, झोप उडाली असेल, कामात मन लागत नसेल, कशातच गोडी वाटत नाही असं म्हणत असेल, तर तो वेगळा प्रश्न आहे, आणि त्यासाठी डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जायला हवं. दोघांनी मिळून जाता आलं तर उत्तम. तुम्ही बोलण्याचा प्रयत्न केल्यावर तो दरवेळी तुच्छतेने उडवून लावत असेल, तरीही तिसऱ्या माणसाची मदत घ्यायला उशीर करू नका.

तुमच्या मोठ्या प्रश्नाचं, प्रेम माझ्यावर की माझ्या नसण्यावर, उत्तर मला इथे बसून देता येणार नाही. बहुधा आज त्यालाही देता येणार नाही. माझा अंदाज एवढाच, की तुमचं नसणं कसं सांभाळायचं हे तो तीन वर्षांत शिकला, आणि तुमचं असणं त्याला पुन्हा शिकावं लागतंय. तुम्हालाही त्याचं. ज्याचा सराव आहे तिकडे माणूस आधी वळतो.

पहिल्यांदा विचाराल तेव्हा तो कदाचित दोन वाक्यांत संपवेल. खिडकी डावीकडे होती, समोर भिंत होती, एवढंच. त्या रात्री तेवढ्यावर थांबा, पुढे खोदू नका. चार-पाच दिवसांनी पुन्हा त्या खोलीतलं आणखी काही विचारा, आणि तोवर तुमची पहिली रात्र कुठली सांगायची ते ठरवून ठेवा. महिन्याभराने मला लिहा. तोवर त्याने फक्त खिडकीपर्यंतच मजल मारली असली, तरीही लिहा.